उरलेले डोंगर

काळाराम मंदिरात येणारा भाविक काळ्या मूर्तीपुढे हात जोडतो, प्रदक्षिणा घालतो आणि रामकुंडाची वाट धरतो. देऊळ ज्या दगडाचे आहे त्या दगडाकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हे मंदिर बांधून घेतले, तेव्हा दगड उत्तरेकडच्या रामशेजच्या खाणीतून आणला, असे नाशिककर सांगत आले आहेत. पाथरवटांच्या बोलीत हा काळवत्री दगड. छिन्नीला दाद द्यायला कुरकुरतो, पण एकदा घडला की शतकानुशतके धार सोडत नाही. भूशास्त्रात त्याला बेसाल्ट म्हणतात. जमिनीखालून वर आलेला तप्त शिलारस थिजून तो झाला. रामाचा वनवास पोथ्यांनी त्रेतायुगात घातला आहे. या दगडाचे वय प्रयोगशाळांनी साधारण ६ कोटी ६० लाख वर्षे ठरवले आहे.

पंचवटीतल्या एखाद्या उंच गच्चीवर गेले की चहूबाजूंना डोंगर दिसतात. नैर्ऋत्येला पांडवलेण्यांचा त्रिरश्मी, उत्तरेला म्हसरूळची चामर लेणी, तिच्यापलीकडे रामशेज आणि भोरगड, हवा स्वच्छ असली तर पश्चिमेला अंजनेरी आणि ब्रह्मगिरी. बहुतेकांचे माथे सपाट, कडे ताशीव आणि पायथ्याशी घसाऱ्याचा उतार. डोंगर कसा होतो याचे शाळेत पाठ केलेले उत्तर इथे उपयोगी पडत नाही. ते उत्तर हिमालयाचे आहे: दोन भूपट्ट एकमेकांवर आदळले, मधल्या समुद्राच्या तळाचा गाळ चेपला गेला, त्याला वळ्या पडल्या आणि पर्वत वर आला. नाशिकच्या भोवती कुठेही अशी वळी सापडत नाही. इथले थर आजही जवळपास आडवेच आहेत. कारण हे डोंगर कुणी उचलून उभे केलेले नाहीत. सगळा प्रदेशच एके काळी त्यांच्या माथ्याइतका किंवा त्याहून उंच होता. भोवतालचे झिजून गेले, हे उरले.

ते भोवतालचे आले कुठून, ही गोष्ट दक्षिण गोलार्धात सुरू होते. साधारण ९ कोटी वर्षांपूर्वी भारताची भूमी मादागास्करपासून सुटली आणि उत्तरेकडे निघाली. भूपट्टांच्या मानाने तिचा वेग अफाट होता. एका टप्प्यात वर्षाला १५ सेंटिमीटरच्याही पुढे. आज तो ५ सेंटिमीटरच्या आसपास आहे. या प्रवासात भारताचा पश्चिम भाग एका तप्त बिंदूवरून गेला. पृथ्वीच्या प्रावरणातून उष्ण द्रव्याचा झोत जिथे सतत वर येत राहतो, ती ही जागा. भारत तिला मागे टाकून पुढे सरकला, पण ती विझलेली नाही. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचा पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही तिच्याच जिवावर धुमसतो. लक्षद्वीप, मालदीव आणि छागोस ही बेटे ज्या समुद्रबुडीत कटकावर बसली आहेत, तो कटक म्हणजे भारताच्या त्या वाटचालीचा माग होय.

ज्वालामुखी म्हटले की शंकूच्या आकाराचा, तोंडातून धूर सोडणारा डोंगर आठवतो. दख्खनमध्ये प्रकार निराळा घडला. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ शिलारस वाहत बाहेर आला. माणसाच्या आठवणीत असा मोठा प्रकार एकदाच नीट नोंदला गेला आहे. १७८३ साली आइसलंडमध्ये लाकी येथे सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिन्यांत सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा बाहेर पडला. विषारी वायूंनी गुरे मेली, पाठोपाठ दुष्काळ पडला आणि त्या देशाची जवळजवळ एक पंचमांश माणसे दगावली. दख्खनमधला एकेक मोठा प्रवाह याच्या शेकडो पट होता, आणि असे प्रवाह एकावर एक येत राहिले. भाकरीवर भाकरी टाकून चवड लावावी तसे थर चढले. मूळ विस्तार किती होता याबद्दल मतभेद आहेत, पण आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूमी या खडकाखाली आहे आणि महाराष्ट्राचा चार पंचमांश भाग त्यात येतो.

गोदाकाठच्या माणसाला या कथेतला एक तपशील विशेष वाटावा. आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळ, गोदावरी समुद्राला मिळण्याच्या थोडे आधी, तिच्या काठावर बेसाल्टचे छोटेसे क्षेत्र आहे. दख्खनच्या मुख्य पठारापासून ते फार दूर, एकटेच पडलेले. त्याची रासायनिक ठेवण, वय आणि चुंबकीय खुणा सह्याद्रीतल्या वरच्या थरांशी जुळतात. त्यामुळे लाव्हा पश्चिमेकडून जुन्या नद्यांच्या खोऱ्यांतून हजारभर किलोमीटर वाहत तिथवर गेला असावा, असे संशोधकांचे मत आहे. आज पंचवटीतून जे पाणी जाते तेही शेवटी राजमहेंद्रीलाच पोचते.

हे सगळे किती काळ चालले? २०१९ साली अमेरिकेतल्या दोन गटांनी एकाच वेळी उत्तरे दिली. प्रिन्स्टनच्या गटाने दोन प्रवाहांच्या मधल्या तांबड्या मातीत राखेबरोबर येऊन पडलेले झिरकॉनचे सूक्ष्म कण वेचले आणि त्यांतल्या युरेनियम-शिशावरून वय काढले. बर्कलेच्या गटाने बेसाल्टमधल्याच फेल्स्पार स्फटिकांतला आर्गॉन मोजला. उद्रेकाचा वेग कधी वाढला आणि कधी मंदावला याबाबत त्यांचे पटले नाही. पण बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आतबाहेर ओतला गेला, यावर दोघांचे एकमत आहे. याच अवधीत मेक्सिकोतल्या चिक्शुलूब येथे मोठा अशनी आदळला आणि डायनोसॉर संपले. अशनीने मारले की दख्खनच्या वायूंनी, हा वाद अजून मिटलेला नाही. पारडे सध्या अशनीच्या बाजूला झुकलेले दिसते.

ती तांबडी माती पाहायला प्रयोगशाळेत जायला नको. घाटातल्या कुठल्याही कापलेल्या कड्यावर काळ्या थरांच्या मधून विटकरी रंगाची पट्टी जाताना दिसते. एक प्रवाह थिजला. पुढचा येईपर्यंत हजारो वर्षे गेली. त्या काळात वरचा खडक ऊन-पावसाने कुजला, त्याची माती झाली, काही ठिकाणी झाडे उगवली, तळी साचली. मग नवा लाव्हा आला आणि त्याने ती माती भाजून काढली. मुंबईच्या मलबार हिलखालच्या आणि नागपूरजवळच्या अशा मधल्या थरांत बेडूक, कासवे, मासे आणि वनस्पती यांचे जीवाश्म मिळाले आहेत.

विहीर खणणाऱ्यांना ही चवड पुस्तकाशिवाय पाठ असते. वर काळी माती, मग मुरूम, मग लागला तर मांजऱ्या, त्याखाली काळा पाषाण. मांजऱ्या म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाचा फुगलेला, छिद्रांचा खडक. लाव्हातून निसटू पाहणारे वायूचे बुडबुडे थिजताना तिथेच अडकले, त्यांची ही छिद्रे. काळा पाषाण हा प्रवाहाचा घट्ट गाभा. पाणी मिळते ते मुरमात, भेगा पडलेल्या मांजऱ्यात किंवा दोन प्रवाहांच्या सांध्यावर. अखंड पाषाणात थेंबही नसतो. शेजारच्या शेतात ऐंशी फुटांवर पाणी आणि आपल्याकडे तीनशे फूट भोक पाडून नुसती धूळ, हा निफाड-सिन्नरकडचा नेहमीचा अनुभव. दोष पाणाड्याला लावला जातो. कारण बहुधा थरांच्या मांडणीत असते.

बुडबुड्यांच्या त्याच पोकळ्यांनी नाशिक जिल्ह्याला जगाच्या नकाशावर आणखी एक जागा दिली. खडक थिजल्यानंतर कोमट, खनिजयुक्त पाणी पोकळ्यांतून झिरपत राहिले आणि आतल्या भिंतींवर स्फटिक वाढले. हिरवट किंवा रंगहीन अपोफिलाइट, मोराच्या पिसाऱ्यासारखा पसरणारा स्टिल्बाइट, सुईसारखा स्कोलेसाइट. पांडवलेण्यांच्या परिसरातल्या खाणींतून निघालेले पॉवेलाइटचे पिवळे स्फटिक जगभरचे संग्राहक नावाने ओळखतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात हा खजिना एका छताखाली मांडला आहे. खडी फोडणाऱ्या क्रशरमध्ये यातले किती चिरडले गेले असेल, त्याचा हिशेब कुणाकडे नाही.

प्राचीन कारागिरांनाही थरांची जाण होती. त्रिरश्मीवरची २४ लेणी डोंगरभर विखुरलेली नाहीत; कड्याच्या एका पट्ट्याने ती ओळीने जातात. कारागिरांनी घट्ट, कमी भेगांचा खडक निवडला आणि शेजारीच पाण्याची टाकी खोदली. यांपैकी तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध शिलालेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णी ज्या पर्वतांचा स्वामी होता त्यांची त्यात नामावळ आहे आणि विंध्य, मलय, महेंद्र यांच्याबरोबर तीत सह्याचेही नाव आहे. म्हणजे सह्याद्रीचे नाव सह्याद्रीच्याच बेसाल्टवर जवळजवळ १९०० वर्षांपूर्वी कोरले गेले.

लाव्हा ओतून झाला तरी सह्याद्री अजून झाला नव्हता. होते ते एक विस्तीर्ण, सपाट लाव्हापठार, आणि ते आजच्या मुंबईच्या किनाऱ्यापाशी संपत नव्हते. त्याच्या पश्चिमेला सेशेल्सची भूमी जोडलेली होती. सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी ती तुटली, दोघांच्या मधे समुद्राचा तळ उघडू लागला आणि भारताला पश्चिम किनारा मिळाला. तुटताना कड ताणली गेली, खचली, वाकली. म्हणूनच पनवेल ते मुंबई या पट्ट्यात बेसाल्टचे थर आडवे नसून पश्चिमेला, समुद्राकडे कललेले आहेत. ते तसेच समुद्राखाली जातात. मुंबई हाय तेलक्षेत्राच्या तळाशीही हाच खडक लागतो.

आता एका बाजूला उंच पठार आणि दुसऱ्या बाजूला, अगदी जवळ, समुद्रसपाटी. पाण्याला अशी संधी मिळाली की ते थांबत नाही. पश्चिमेकडे उतरणाऱ्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. त्यांनी पठाराची कड मागे मागे खात पूर्वेकडे नेली. जिथे जुनी कड होती तिथे आज कोकणचा सखल पट्टा आहे आणि त्या पट्ट्यात एकटे उभे असलेले आसनगावचा माहुली किंवा कल्याणजवळचा मलंगगड हे त्या हरवलेल्या कडेचे मागे राहिलेले तुकडे. सह्याद्री म्हणतात ती ही माघार घेणारी कड. त्यामुळेच कोकणातून वर पाहणाऱ्याला तो छाती दडपणारा पर्वत वाटतो आणि नाशिकहून इगतपुरीकडे जाणाऱ्याला शेवटच्या क्षणापर्यंत वाटेत पर्वतरांग ओलांडायची आहे असे जाणवतही नाही. जमीन एकाएकी संपते, इतकेच.

कसाऱ्याच्या घाटात हे सर्वांत स्पष्ट दिसते. १८६५ साली रेल्वे इथून वर चढली. कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंत जेमतेम पंधरा किलोमीटरमध्ये सुमारे ३०० मीटरची चढण, ३७ला १ असा चढ. आजही मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून बँकर इंजिने लागतात. प्रवासी तेवढ्यात चहा घेतात. त्यांच्या खिडकीबाहेर दख्खनच्या सर्वांत जुन्या थरांपैकी काही उघडे पडलेले असतात. पूर्ण चवड दक्षिणेकडे अगदी थोडी, एका अंशाहूनही कमी, कललेली आहे. त्यामुळे जव्हार-इगतपुरीकडे तळाचे थर दिसतात आणि महाबळेश्वरला माथ्याचे. या थरांचा क्रम १९८०च्या दशकात निश्चित झाला तेव्हा तळाच्या गटांना जव्हार आणि इगतपुरी हीच नावे पडली. घाटातला एक थर तर नवख्यालाही ओळखता येतो. काळ्या दगडात बोटाच्या पेराएवढे पांढुरके, चपटे स्फटिक वेडेवाकडे विखुरलेले दिसतात. शिलारस वर येण्याआधी खोलवरच्या कोठीत दीर्घकाळ साचून राहिला, तिथे हे फेल्स्पार वाढले आणि मग लाव्हाबरोबर बाहेर पडले.

पाण्याची वाटणी त्र्यंबकेश्वरला समजते. ब्रह्मगिरीची उंची सुमारे १,३०० मीटर आणि तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत ८० किलोमीटरच्या आसपास. तरीही गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला १,४६५ किलोमीटर जाते. तिच्या उगमाजवळच, त्याच डोंगररांगेत वैतरणा उगम पावते आणि पश्चिमेची वाट धरून मुंबईच्या नळाला पाणी पुरवते. गोदावरीचा मार्ग पठाराच्या जुन्या, पूर्वेकडच्या उताराने ठरवलेला आहे. वैतरणा कड कोरत मागे आलेली. पाऊसही कडेचाच पक्षपाती. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक आणि तिथून पंचेचाळीस किलोमीटरवरच्या नाशिक शहरात सुमारे ७०० मिलिमीटर. पुढे सिन्नर तर दुष्काळी तालुक्यांत मोजला जातो.

पठार कापले जात असताना जे कठीण होते ते मागे राहिले. जिल्ह्याच्या उत्तरेला सातमाळा आणि सेलबारी-डोलबारीच्या रांगा म्हणजे अशा उरलेल्यांचे संमेलनच. १,५६७ मीटरचा साल्हेर, सप्तशृंग, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप. यांतला धोडप नीट पाहावा. १,४७२ मीटर उंचीच्या त्या किल्ल्याच्या माथ्यापासून एक कातळाची भिंत निघते, सरळ, अरुंद, दोन्हीकडे तुटलेली, आणि तिच्यात एक ठळक खाच आहे. माणसाने बांधली असे वाटावे इतकी ती रेखीव आहे. हिला डाईक म्हणतात, पाठ्यपुस्तकी मराठीत भित्ती. जमिनीतल्या भेगेत शिरलेला शिलारस तिथेच थिजला. पुढे बाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि भेगेचा साचा उघडा पडला. नाशिक, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात अशा भित्तींचे जाळे आहे. ज्या भेगांतून लाव्हा बाहेर आला त्यांतल्या काही याच असाव्यात.

कडा आपोआप तासलेला असल्यामुळे तटबंदीचा खर्च वाचतो, हे देवगिरीच्या यादवांपासून मराठ्यांपर्यंत सगळ्यांनी ओळखले होते. वर सपाटी, कातळात खोदलेली टाकी, चढायला एकच वाट. १६८२ साली मोगलांनी रामशेजला वेढा घातला आणि छोटासा किल्ला काही वर्षे त्यांना झुंजवत राहिला. शौर्य मावळ्यांचे, त्यात कड्याचा वाटा मोठा.

खडक थंड होऊन कोट्यवधी वर्षे झाली म्हणून ही भूमी निपचित आहे असे मानणे धोक्याचे. ११ डिसेंबर १९६७ला कोयनेला आणि ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीला भूकंप झाले. किल्लारीत हजारो माणसे गेली. नंतर दोन्हीकडे खोल वेध घेतले गेले, तेव्हा किल्लारीत बेसाल्टची जाडी ३३८ मीटर भरली. कोयनेच्या परिसरात ती ९०० मीटरहून अधिक निघाली आणि खाली जुना ग्रॅनाइट लागला. हालचाल त्या जुन्या पायाच्या भेगांत होते, वरचे थर फक्त हादरे खातात. हिमालयाकडे चाललेली टक्कर भारताच्या पोटातही ताण साठवते. नाशिकच्या सीमेपलीकडे पालघर जिल्ह्यात नोव्हेंबर २०१८पासून छोट्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. पेठ, सुरगाणा, दिंडोरी भागातही अधूनमधून जमीन हलते. पंचवटीतून निघणाऱ्या दिंडोरी रस्त्यावरच महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. नाशिककर तिला ‘मेरी’ म्हणतात, आणि राज्यातल्या भूकंपांच्या नोंदी तिथे ठेवल्या जातात.

झिजण्याचे काम आता पावसाबरोबर पोकलेनही करतो. २०२१ साली ब्रह्मगिरीच्या अंगाला डोंगर फोडून सपाटी केल्याचे उघड झाले, ओरड झाली आणि काम थांबले. शहराच्या आसपासच्या टेकड्या खडीसाठी पोखरल्या जातच आहेत. खुद्द पंचवटीत मागच्या कुंभमेळ्यांच्या तयारीत गोदापात्रात काँक्रीट ओतले गेले. त्याखाली जुनी कुंडे आणि त्यांचे झरे गाडले गेले, असा आक्षेप गोदाप्रेमींनी घेतला. प्रकरण न्यायालयात गेले. आक्षेपामागे भूशास्त्र आहे. बेसाल्टमध्ये पाणी भेगांतून आणि थरांच्या सांध्यांतूनच चालते. पात्रातल्या कातळाची भेग वरून लिंपली की खालचा झरा दुसरी वाट शोधतो किंवा अडकून पडतो.

पुढचा सिंहस्थ २०२७चा आहे आणि घाटांची कामे पुन्हा निघतील. ती हाती घेण्यापूर्वी महापालिकेने रामकुंड ते तपोवन या पट्ट्यातल्या कातळाचा, भेगांचा आणि झऱ्यांचा नकाशा करून घ्यावा आणि तो लोकांपुढे ठेवावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे जाणकार राज्याकडे आहेत, मेरी तर पंचवटीच्या दारात आहे. निविदेच्या कागदांना हा एक नकाशा जोडायला फार वेळ लागणार नाही.